सोमवारची भिंत

"वाकलीय," घारपुरे सर म्हणाले.

संगणकाच्या पडद्यावर भिंतीचा फोटो होता. सरांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि विटांच्या सगळ्यात वरच्या ओळीला लावली. ओळीची दोन्ही टोकं पट्टीच्या कडेला बरोबर लागली. मधल्या विटा मात्र पट्टीच्या वर डोकावत होत्या. खालची ओळ तशीच मध्यावर खाली ओघळलेली. एकूण भिंत पाणी भरायच्या पिंपासारखी दिसत होती.

"बॅरल," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "एक टक्का तरी असेल, सर. पण मोजणीच्या बेंचवर अर्धाही येत नाही. मी पुन्हा पुन्हा मोजलं."

"बेंच माणसांनी बनवलंय."

"भिंतही माणसांनीच बांधलीय ना, सर?" मी आपलं सहज विचारलं.

"भिंत मी बांधलीय, मोघे," सर म्हणाले, आणि विषय संपला.

ही गोष्ट डिजिटल कॅमेरे नवीन होते तेव्हाची. मोबाइलमधून फोटो निघतील असं कोणी म्हणालं असतं तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा भिंगांचा कारखाना होता. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, सर्व्हेवाल्यांची यंत्रं असल्या गोष्टींची भिंगं आम्ही घासत असू. मी चाचणी विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. लेन्स तयार झाली की ती कॅमेऱ्याला लावायची, बटण दाबायचं आणि फोटो सरांसमोर ठेवायचा, एवढं माझं काम. बोलणी बसत ती लेन्स करणाऱ्याला, त्यामुळे माझी प्रकृती उत्तम होती.

डॉ. दिगंबर घारपुरे आमचे मुख्य. साठीला टेकलेले, ताठ, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. कारखाना सुरू झाला तेव्हा मागच्या आवारात त्यांनी लेन्स तपासायला एक भिंत बांधून घेतली होती. गिलावा नाही, उघड्या विटा, प्रत्येक ओळ दोरीत. गवंड्याने दोनदा काम सोडलं म्हणे. भिंतीसमोर कॅमेऱ्यासाठी सिमेंटचा खांब, आणि दोहोंच्या मध्ये जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ. रेघेपलीकडे जायला सगळ्यांना बंदी. हाताच्या घामाने विटा काळवंडतात, असं सरांचं म्हणणं. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तयार असेल ती लेन्स भिंतीसमोर उभी राहायची. भिंत सरळ आली तर लेन्स पास. बेंच म्हणजे चौकोनांची जाळी टिपून लेन्सचा दोष मोजणारं यंत्र; त्याचे आकडे काहीही सांगोत, शेवटचा शब्द भिंतीचा.

हर्षदा भोंडवे ही सरांची सगळ्यात हुशार माणूस. रावेतची मुलगी, वडलांची नर्सरी, आणि हिला मात्र किरणांचं वेड. मुंबईच्या एका कंपनीला खिशात मावणारा कॅमेरा काढायचा होता आणि त्याची नॉर्मल लेन्स आमच्याकडे आली होती. नॉर्मल म्हणजे जी जगाला जवळ ओढत नाही आणि लांबही ढकलत नाही, डोळ्याला दिसतं तसं दाखवते. ऐकायला सोपं वाटतं. पण लेन्स हवी बोटाच्या पेराएवढी. त्यात डिजिटल सेन्सर फार नखरेल. फिल्मवर किरण तिरपे पडले तरी फिल्म बिचारी चालवून घ्यायची. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला मात्र किरण समोरून यायला हवा. तिरपा आला की कोपऱ्यात अंधार. म्हणजे किरण शेवटच्या भिंगातून बाहेर पडायच्या आत सरळ करायचे, आणि तेही जागा नसताना.

हर्षदाने ते केलं होतं. सहा भिंगं, त्यातली दोन एकमेकांना चिकटवलेली, म्हणून पाच गट. शेवटचं भिंग गोलाचा तुकडा नव्हतंच. ते मध्ये फुगीर होतं आणि कडेला हलकेच उलटं वळत होतं, पातळ पोळीची कड वळते तसं. त्या एका वळणासाठी ती दोन महिने जेवायचं विसरत होती. मालकांनी बजावलं होतं, ही लेन्स पास झाली नाही तर डिझाइनची खोली बंद करून तिथे पॅकिंग हलवायचं. खोलीत माणसं दोनच, सर आणि हर्षदा. सर निवृत्त होणार होते. म्हणजे बंद व्हायची ती हर्षदा.

"काका," ती मला त्या दिवशी म्हणाली, "बेंच खोटं बोलतंय का भिंत?"

"बेंच तुझं ऐकतं. भिंत सरांचं."

"तुम्ही कोणाचं ऐकता?"

"मी बटण दाबतो."

ती हसली नाही. दुसरं डिझाइन करायला बसली.

बॅरल घालवायचं म्हणजे लेन्समध्ये उलटा दोष घालायचा. भिंत मध्ये फुगतेय ना, मग लेन्सने कडा ताणून धराव्यात. हर्षदाने शेवटच्या भिंगाची वळणं बदलली. कडा सुधारल्या, पण कोपरे मऊ पडले. कोपरे सावरले तर प्रकाश कमी झाला. सरांनी पहिल्या डिझाइनचा साचा कारागिरांकडून घासून सपाट करून घेतला. उगाच घोळ नको, म्हणाले. नवीन साचा आला, नवीन भिंगं आली, नवीन सोमवार आला.

"वाकलीय," सर म्हणाले.

पट्टी लावली. काढला त्यापेक्षा जास्त फुगवटा उरला होता.

"सर, हे शक्य नाही," हर्षदा म्हणाली. "मी एक टक्का काढलाय."

"मग तो आधी दोन असेल."

"एक होता. आपण दोघांनी बघितलाय."

"भोंडवे, भिंतीशी वाद घालू नका."

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तिलाही ते पटत होतं. त्या खोलीत कोणालाही विचारलं असतं की चूक कुठे असेल, तर भिंगाच्या वळणात, काचेच्या जातीत, साच्यात, तापमानात, माझ्या बटणावरच्या बोटात अशी शंभर ठिकाणं सांगितली असती. आम्ही भिंगवाले. चित्र वाकडं आलं की भिंगाकडे बघायचं, हे आमच्या हाडात होतं.

मधल्या काळात भिंतीपलीकडच्या प्लॉटवर काम निघालं होतं. प्लॉट खोलगट होता. त्याचा मालक मुरूम टाकून तो वर उचलत होता. दिवसभर डंपर यायचे. त्यांच्या धडधडीने कॅमेरा हलतो अशी सरांची तक्रार होती, म्हणून फोटो नेमका त्या लोकांच्या जेवणाच्या वेळी काढायचा. ती माणसं भरावावर बसून भाकरी खायची. आधी भिंतीच्या वर नुसती टोप्या-मुंडाशांची रांग दिसायची. पुढे चेहरे दिसू लागले. मग खांदेही. लिंबाजी नावाचा एक डंपर ड्रायव्हर होता, तो आम्हाला पाहून हात वर करायचा. फोटोत माणसं येतात म्हणून सरांनी मला सांगायला पाठवलं. मी आपला रेघेच्या अलीकडूनच ओरडलो, "अहो, जरा खाली सरकून बसा, फोटोत येताय."

लिंबाजीने सगळ्यांना खाली सरकवलं. फार समजूतदार माणूस.

तिसऱ्या डिझाइनपर्यंत बेंचवर उलटंच चित्र दिसायला लागलं. तिथे चौकोनाच्या बाजू आत खेचलेल्या, उशीच्या अभ्र्यासारख्या. बेंच म्हणत होतं, लेन्स आता पलीकडे गेली. भिंत म्हणत होती, अजून अलीकडेच आहे. सरांनी बेंच तपासायला बंगलोरला पाठवलं. बेंच अचूक असल्याचं प्रमाणपत्र घेऊन ते परत आलं.

"हे प्रमाणपत्र देणाऱ्यांचं बेंच कोणी तपासलं?" सर म्हणाले.

माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात मी तीच लेन्स लावून फोटो काढले. कार्यालयाचे खांब कमरेत आवळल्यासारखे आले आणि कडेला उभी असलेली माझी मेहुणी तिच्या मनाविरुद्ध रुंद झाली. फोटो सरांना दाखवले.

"हल्लीचे खांब," ते म्हणाले, "असेच उभारतात."

मेहुणीबद्दल ते काही बोलले नाहीत. मेहुणी माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

हर्षदा हुशार होती हे मी सांगितलंच. तिने सगळ्या सोमवारांचे आकडे मांडले आणि तिच्या लक्षात आलं की दोष दर वेळी थोडा वाढतोय. तिने कारण शोधलं. भिंगं धरणारी प्लास्टिकची नळी हळूहळू सैल होत असावी, भिंगं सरकत असावीत. कारण इतकं चोख होतं की मलाही कळलं. मग तिने पुढच्या सोमवारी दोष किती असेल याचा आधीच अंदाज बांधला, त्या हिशेबाने शेवटचं भिंग वळवलं आणि चौथी लेन्स केली.

सोमवार आला. मी बटण दाबलं. सरांनी पट्टी लावली. पहिली ओळ, दुसरी, खालची.

"सरळ," सर म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाच्या खांद्यावर हात ठेवताना पाहिलं. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. कँटीनमधून माझ्या खर्चाने बटाटेवडे आले.

दोन दिवसांनी मुंबईहून अनघा रेगे आल्या. कॅमेरा कंपनीच्या तांत्रिक अधिकारी. बारीकशा, कमी बोलणाऱ्या, खांद्याला पिशवी. हो किंवा नाही, त्या म्हणतील तेच होणार होतं. सरांनी त्यांना थेट मागच्या आवारात नेलं. मी फोटो काढला, लॅपटॉपवर टाकला. भिंत आखीव वहीच्या पानासारखी.

"सुरेख," रेगेबाई म्हणाल्या.

मग बाई वळल्या आणि त्याच कॅमेऱ्याने कारखान्याच्या इमारतीचा एक फोटो काढला. बघितला. पुन्हा काढला. "तुमच्या खिडक्या आत ओढल्यासारख्या येतायत."

"इमारत जुनी आहे," सर म्हणाले.

बाईंनी सरांकडे जरा वेळ पाहिलं. मग पिशवीतून स्वतःचा कॅमेरा काढला. मोठा, महागडा, आम्ही नुसता कॅटलॉगमध्ये बघितलेला. त्याने इमारत टिपली. खिडक्या सरळ. त्याच कॅमेऱ्याने त्यांनी भिंत टिपली आणि कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा आमच्यासमोर धरला.

पिंप. चांगलं टम्म फुगलेलं पिंप.

"हिच्यातही वाकडी आली," बाई म्हणाल्या.

"मग तुमचीही लेन्स एकदा तपासून घ्या," सर म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. ते कधीच चेष्टा करत नसत.

हर्षदा पुढे झाली. तिने बाईंच्या हातातून तो कॅमेरा घेतला, विचारलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघितलं. मग मान वर करून नुसत्या डोळ्यांनी भिंतीकडे बघितलं. मला वाटतं, त्या आवारात किती तरी वर्षांत कोणी असं बघितलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "भिंतीचा मधला भाग आपल्याकडे आला तर तो मोठा दिसेल."

"म्हणजे?"

"जवळची वस्तू मोठी दिसते. मधल्या विटा मोठ्या दिसल्या की ओळी वर-खाली फाकतात. तेही बॅरलच दिसणार, सर. लेन्समध्ये काही नसलं तरी."

सरांच्या मानेवर लाल डाग उमटले. "मोघे, ओळंबा आणा. आणि तो घोडा आणा."

गवंडी वापरतात तो ओळंबा सरांच्या कपाटात होता. दोरीला शिशाचा गोळा. मी शिडीसारखा दुपायी घोडा घेऊन आलो. सरांनी स्वतः चुन्याची रेघ ओलांडली, आणि नाइलाजाने मीही. घोड्यावर चढून मी दोरीचं टोक भिंतीच्या माथ्यावर धरलं आणि गोळा खाली सोडला.

भिंत सरळ असेल तर दोरी तिच्या अंगाला हलकेच घासून उभी राहते. इथे दोरी जरा खाली गेली आणि विटांवर रेलली, पोटावरून जानवं जावं तशी. पोटाखाली मात्र दोरी अधांतरी होती. गोळा पायथ्यापासून चांगला वीतभर लांब झुलत होता.

पलीकडे डंपर मागे घ्यायचा भोंगा वाजत होता.

"मागे या, सर," हर्षदा म्हणाली. आवाज अगदी हलका. "काका, तुम्हीही उतरा. हळू."

मी उतरलो. हळू उतरलो असं मी सगळ्यांना सांगतो.

सर तिथेच उभे. त्यांनी खिशातली पट्टी काढली होती आणि दोरीपासून पायथ्यापर्यंतचं अंतर मोजायला ते वाकत होते. "थांबा," ते म्हणाले. "मला वाचू द्या."

त्यांच्या डोक्याच्या वर, दोन विटांच्या सांध्यातून सिमेंटची पूड गळत होती. बारीक, सारखी, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ती दिसतही नव्हती.

हर्षदा रेघ ओलांडून गेली. तिने सरांचं मनगट धरलं आणि ओढलं. त्या माणसाला इतक्या वर्षांत कोणी हात लावला नव्हता. ते चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले आणि चकित असल्यामुळे चार पावलं तिच्यामागे आले. पलीकडे डंपरने पाठ उचलली. मुरूम सुटल्याचा आवाज आला.

भिंत कोसळताना मोठा आवाज होईल अशी आपली कल्पना असते. तसा झाला नाही. आधी ती नुसती आमच्याकडे एक पाऊल पुढे आली, ओळखीचं माणूस येतं तशी. मग तिचा मधला भाग फाटला आणि आवाज त्यानंतर आला. घोडा, ओळंबा सगळं विटांखाली गेलं. एक अख्खी वीट चुन्याच्या रेघेवर येऊन थांबली. आम्ही चौघं धुळीत उभे होतो आणि कोणाला काही झालं नव्हतं. याच्यावर विश्वास बसायलाच बराच वेळ लागला.

लेन्सचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. रेगेबाईंनी धूळ झटकत एकच प्रश्न विचारला, "पहिलं डिझाइन आहे का?" साचा घासला होता, पण आकडे हर्षदाच्या संगणकात होते. बाईंनी दोन महिने दिले, कुरकुरत दिले, पण दिले. पहिलीच लेन्स, जशीच्या तशी, पुन्हा तयार झाली आणि पास झाली, बेंचवर. त्या कॅमेऱ्याने लोकांच्या लेकरांचे, बारशांचे, गणपतीच्या आराशीचे फोटो काढले. नंतर मोबाइल आले आणि खिशात मावणारे कॅमेरे ड्रॉवरमध्ये मावायला लागले. डिझाइनची खोली मात्र राहिली. पॅकिंगवाले अजून माझ्या कपाटाशेजारी बसतात, असं ऐकतो. सर ठरल्या दिवशी निवृत्त झाले. नवीन भिंत बांधून घेऊ, असं मालक म्हणाले तेव्हा सरांनी हात जोडले.

पण मला आठवतं ते त्या धुळीतलं.

धूळ खाली बसली तेव्हा भिंतीच्या जागी लाल मुरमाचा डोंगर दिसला, आमच्या डोक्यापेक्षा उंच. एवढी माती भिंतीला टेकून साठतेय हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर लिंबाजी उभा होता. भुवयांपर्यंत धुळीने माखलेला. आम्हा चौघांना त्याने एकेक करून मोजलं, आणि मग त्याला बोलता आलं.

"हे फुगत व्हतं की, सायेब," तो म्हणाला. "दिवाळीपासनं फुगत व्हतं. आमी वरनं बघायचो."

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलनार?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "दर सोमवारी तुमी तीन मानसं उभी राहून फोटू काढत व्हता. यंत्र लावून बघत व्हता. माझी पोरं म्हनली, लई फुगलंय, टाकायचं थांबवू. मीच म्हनलो, टाका रं. सायेब लोक मोजत्यात. काय झालंच तर ते सांगतील."

हर्षदाने माझा दंड धरला. ती बघत होती मात्र सरांकडे.

सर त्या विटांच्या ढिगाकडे बघत उभे होते. शर्टाच्या वरच्या गुंडीपर्यंत पांढरे. हातात पट्टी अजून तशीच, वाचायला धरावी तशी.

"आमचं लक्ष होतं," ते लिंबाजीला म्हणाले, अगदी नम्रपणे. "प्रत्येक सोमवारी होतं."